जिन्यातलं कपाट

"दम! अण्णा, दम! दम धरा!"

सोमाभाऊ खालून ओरडत होता. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे जिना वळतो तिथे, आडव्या केलेल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या टोकाला तो एकटा, पाठीवर गोणपाटाची जाड घडी, दोन्ही हात मागे वळवून कपाटाच्या कडा धरलेले. वरच्या टोकाला अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि आमचे टेम्पोवाले युसूफचाचा, दोर कमरेभोवती घेऊन मागे रेललेले. वळणाच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून मी. 'दम' हा आमच्या धंद्यातला शब्द. ओझं जिथे आहे, जसं आहे, तसंच धरून ठेवा, पापणीसुद्धा हलवू नका, असा त्याचा अर्थ. तो म्हणायचा हक्क फक्त खालच्या माणसाचा. सोमाभाऊने सात वर्षांत तो एकदाही वापरला नव्हता.

आता कपाट तिथेच राहू द्या. हे बरं नव्हे, मला कळतं. माणूस खाली अडकलेला आणि ही बाई गप्पा हाणतेय. पण मला ती गोष्ट एका दमात खाली उतरवता येत नाही. मधे टेकवावीच लागते. आजवर ती मी शंभरदा सांगितली असेल, आणि दर वेळी काहीतरी वाढवलं. कपाटाचं वजन तर दरवर्षी एवढं वाढत गेलं, की शेवटी शेवटी त्याच्याखाली गंगेवरचा, म्हणजे आमच्या गोदावरीवरचा, पूलसुद्धा वाकला असता. या वेळी मी वाढवणार नाही. म्हणजे प्रयत्न करीन. सवय जुनी आहे.

आम्ही पंचवटीत, पेठ नाक्याच्या अलीकडे राहायचो. दोन खोल्या, पुढे पत्र्याची शेड. अण्णांचा धंदा लोकांची घरं हलवायचा. तेव्हा त्याला आजच्यासारखं इंग्रजी नाव नव्हतं, टोप्या-टीशर्ट नव्हते. 'अण्णाला सांगा' एवढंच. आमच्या घरात आमचं म्हणून काही नव्हतं. सगळं लोकांनी बिऱ्हाड बदलताना टाकून दिलेलं. तीन पायांची खुर्ची, तिच्या चौथ्या पायाच्या जागी विटा. तीन घड्याळं, तिन्ही वेगवेगळ्या वेळी बंद पडलेली, त्यामुळे आमच्याकडे दिवसातून सहा वेळा तरी बरोबर वेळ असायची. आई जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवायची, पण अंगावर घ्यायला नाही. त्या कपाटांना आणि फ्रिजना. थंडीत आम्ही भावंडं कुडकुडायचो आणि शेडमधे कुणाच्या तरी ड्रेसिंग टेबलाला चार पदरी गोधडी. द्राक्षांचा हंगाम आला की आई दिंडोरीकडून येणाऱ्या गाडीवाल्यांकडून पेट्यांत घालायची कागदाची कातरणं मागून आणायची. त्यात आम्ही काचसामान भरायचो. त्या दिवसांत आख्ख्या घराला द्राक्षांचा आंबूस वास यायचा, आणि मी वर्गातल्या मुलींना सांगायचे की आमच्या तीन बागा आहेत. एकीने घरी येऊन बघितलं. मी म्हटलं, बागा हलवल्या आम्ही, आमचा धंदाच तो आहे.

अशी मी. खोटारडी नव्हे, असं माझं स्वतःचं मत. वाढवून सांगणारी. एका गिऱ्हाइकाच्या माळ्यावर मांजर व्यायली होती, मी घरी येऊन वाघीण सांगितली. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "शकू, तुझ्या बोलण्याला चाळणी लावली तर खाली काय पडेल गं?" अण्णा म्हणायचे, "काही नाही. सगळा कोंडा." आणि सगळे हसायचे, मी सगळ्यात मोठ्याने. माझा आवाज असा होता, की मी पंचवटीत हाक मारली तर सातपूरच्या कारखान्यातली माणसं भोंगा झाला समजून डबे भरायला लागायची.

त्या आवाजामुळेच मला धंद्यात घेतलं. बारावीत गटांगळी खाल्ल्यावर आधी भांडी आणि काचसामान बांधायच्या कामाला, आणि मग हाळी द्यायला. जिन्यातून जड सामान उतरवताना वरच्याला खालचा दिसत नाही, खालच्याला तर फक्त स्वतःची पावलं दिसतात. म्हणून दोघंही दिसतील अशा जागी एकाने उभं राहायचं आणि हाळी द्यायची. "पाऊल" म्हटलं की सगळ्यांनी एक पायरी उतरायची. "टेक" म्हटलं की ओझं पायरीच्या कडेला टेकवायचं, श्वास घ्यायचा. पाऊल, टेक. पाऊल, टेक. मधे दुसऱ्या कुणी बोलायचं नाही, घरमालकानेसुद्धा नाही. एकदा एक वकीलसाहेब मधेच "भिंतीचा रंग सांभाळा" म्हणाले, तर अण्णांनी ओझं टेकवलं, खाली बसले, विडी पेटवली आणि म्हणाले, "साहेब, तुमचं होऊन जाऊ द्या, मग आमचं." डोक्याला टोपी, पायाला जाड बूट, कमरेला पट्टा, असलं काही आमच्याकडे नव्हतं. होती ती ही हाळी. आणि खालचा माणूस.

खालचा माणूस म्हणजे सोमाभाऊ. पेठच्या पलीकडच्या डोंगरातला. भात कापून झालं की पहिल्या गाडीने यायचा, आमच्या शेडमधे राहायचा, आणि पावसाच्या तोंडावर नांगर धरायला परत जायचा. दिसायला किडकिडीत. गिऱ्हाइकं त्याला बघून अण्णांना बाजूला घ्यायची, "हा उचलणार?" मी लोकांना सांगायचे की याने गंगापूर रोडच्या एका बंगल्यातून पियानो पाठीवर आणला, वर बसून एक बाई वाजवत होती. तो पियानो नव्हता, पेटी होती, हे मला आज कबूल आहे. पण त्याची पावलं खोटी नव्हती. अनवाणी चालायचा. आधी अंगठा टेकवायचा, मग पायरी चाचपून सगळा तळवा, जणू पायरीला विचारतोय, येऊ का. तेलाच्या घाण्याजवळच्या बिल्डिंगीत सांडलेल्या तेलावरून तो तांदळाच्या कोठ्या घेऊन उतरला होता. "आमच्याकडं पावसात बांधावरनं चालायचं," तो म्हणायचा. "हितं तर सगळं सुकंच हाय."

आमच्या घरी जेवायला बसताना पहिली भाकरी खालच्या माणसाची. अण्णांची नंतर. आई सोमाभाऊसाठी मुद्दाम नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ ठेवायची. त्याला बाजरी चालायची, पण तो म्हणायचा, बाजरी खाऊन पोट भरतं, नागली खाऊन पाठ. एकदा मी विचारलं, "खालचा आधी का?" आई म्हणाली, "उद्या जेवेल की नाही, याचा भरवसा त्याचाच सगळ्यात कमी." मी हसले होते. उडदाची आमटी ठसक्याने नाकात गेली होती, एवढं आठवतंय.

आणि दुसरा एक नियम होता, हाळीपेक्षाही जुना. कुलपाला हात लावायचा नाही. कुलूपबंद वस्तू असेल ती तशीच न्यायची. आत काय आहे विचारायचं नाही, उघडा म्हणायचं नाही, हलवून बघायचं नाही. मी लहान असताना अण्णा दुसऱ्याच्या हाताखाली काम करत होते. एका घरचं मंगळसूत्र सापडेना. अण्णांना आणि आणखी दोघांना चौकीवर नेलं. तिसऱ्या दिवशी मंगळसूत्र त्या बाईंच्याच माहेरी, उशीच्या अभ्र्यात सापडलं. अण्णांच्या डाव्या कानाला तेव्हापासून ऐकू कमी. स्वतःचा धंदा काढला तेव्हा त्यांनी हा नियम केला, आणि पुढे तीच आमची अब्रू झाली. बायका एकमेकींना सांगायच्या, "अण्णा चांगला माणूस, किल्ली मागत नाही." दागिन्यांची ट्रंक असलेल्या घरांत आम्हालाच बोलावणं यायचं. म्हणजे ज्या नियमावर आमची चूल पेटत होती, तो हा. आज माझा भाचा हाच धंदा करतो. त्याच्याकडे छापील यादी असते, प्रत्येक खोक्यात काय आहे ते गिऱ्हाइकाने लिहून सही करायची. मी त्याला म्हटलं, तुझ्या आजोबांना हे दाखवलं असतं तर ते म्हणाले असते, ही तर झडती.

आता चला परत जिन्यात. कपाट अजून तिथेच आहे.

मेनरोडच्या मागच्या गल्लीतली तीन मजली बिल्डिंग. गिऱ्हाईक म्हणजे एक म्हातारे काका, त्यांचा छापखाना होता तो वर्षभरापूर्वी बंद झालेला. बायको त्याच्याही आधी गेलेली. मुलगा त्यांना गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटवर नेत होता. मुलगा चांगला होता, पण घाईचा. सकाळपासून दारात उभा राहून प्रत्येक वस्तूला "हे कशाला", "हे भंगार" असं चाललेलं. काका प्रत्येक वेळी मान हलवायचे, वस्तू भंगाराच्या ढिगात जायची. मग आतल्या खोलीतल्या कपाटापाशी मुलगा आला.

"यात काय आहे?"

"तुझ्या आईच्या साड्या," काका म्हणाले.

मुलगा कपाटापासून मागे सरला. किल्ली काकांच्या जानव्याला अडकवलेली होती. त्यांनी ती सदऱ्याच्या आत सरकवली.

कपाटाला गोधड्या बांधायचं काम माझं. मी एकटीच होते खोलीत. दोर मागून घ्यायचा म्हणून कपाटाला खांदा लावून जरासं रेटलं, तर ते हललं नाही. तशी मी काही नाजूक नव्हते. अठराव्या वर्षी मी पाटा-वरवंटा एका बगलेत आणि पिठाचा डबा दुसऱ्या बगलेत घेऊन जायचे. पुन्हा रेटलं. कपाट बोटभर कललं आणि आतून आवाज आला. बारीक. सुक्या वालाचं पोतं तिरकं केल्यावर दाणे सरकतात तसा, पण त्याहून जड, त्याच्या शेवटी एक गुदमरलेला धप्प. साड्या असा आवाज करत नाहीत. मी हात काढून घेतला. हलवून बघायचं नाही हा नियम मी नकळत मोडला होता.

मी दारात आले. बाहेर अण्णा दोर तपासत होते, युसूफचाचा चहा पीत होते, सोमाभाऊ गोणपाटाची घडी घालत होता, काका खिडकीशी, मुलगा घड्याळात बघत. आणि मी काय म्हणाले? "अण्णा, कपाटात आत काहीतरी जड आहे, सुटं आहे, सरकतंय." एवढंच म्हणायचं होतं. आठ-नऊ शब्द. त्याऐवजी मी कमरेवर हात ठेवून आख्ख्या बिल्डिंगीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "अण्णा, या कपाटात हत्ती आहे."

अण्णांनी मान वर केली नाही. "मागच्या आठवड्यात फ्रिजमधे पाणघोडा होता."

युसूफचाचा म्हणाले, "अण्णा, टेम्पो की चॅसी देखो, पोरगी रोज जंगल भरती है उसमें."

सोमाभाऊ हसला. "हत्ती असला तर बरंच हाय. सोंड धरून खाली नेऊ."

सगळे हसले. मीसुद्धा. काकाही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. ते मी पाहिलं. त्यांचा हात सदऱ्यावरून किल्ली चाचपत होता तेही पाहिलं. पुढे बोलायला मी तोंड उघडलं होतं, हे नक्की. पण मग मला विचारलं असतं, तुला कसं कळलं? हलवून बघितलंस? आणि गिऱ्हाइकासमोर अण्णांचं नाक कापलं गेलं असतं. त्याहून खरं सांगू? विनोद चांगला जमला होता. तो मोडवेना.

खोलीतून दारापर्यंत कपाट उभंच आणलं, एक कोपरा पुढे, मग दुसरा. सोमाभाऊ एकदा म्हणाला, "जड हाय." अण्णा म्हणाले, "जुनं लोखंड आहे." जिन्याच्या तोंडाशी ते आडवं केलं. वरचा पहिला टप्पा सरळ होता, तो उतरलो. पाऊल, टेक. पाऊल, टेक. माझा आवाज जिन्यात घुमत होता आणि मला तो आवडत होता. मग वळण आलं. वळणावर कपाट जास्त तिरकं करावं लागतं, वरचं टोक कठड्यावरून फिरवून घ्यावं लागतं. मी म्हटलं, "पाऊल." आणि तो आवाज पुन्हा आला. बारीक नव्हता या वेळी. खडीचा डंपर उलटा होतो तसा, कपाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

अण्णांनी नंतर मला सांगितलं, एकदाच, की त्यांच्या हातात कपाट एकदम हलकं झालं. पिसासारखं. त्यांना वाटलं, वा, सोमाने काय घेतलंय अंगावर. आणि त्याच वेळी खालून ओरडणं आलं. दम. अण्णा, दम. अण्णा आणि युसूफचाचांनी नियमाने जे करायचं ते केलं, धरून ठेवलं. पण धरायला त्यांच्या हातात काही उरलंच नव्हतं. सगळं वजन खालच्या टोकाला जाऊन बसलं होतं आणि त्या टोकाखाली एक किडकिडीत माणूस होता. त्याचा पाय हलला नाही. मी त्याच्या पायांकडेच बघत होते. दोन्ही तळवे पायरीला असे चिकटलेले, की जणू तिथेच उगवलेत. पाय हलला नाही, पायाच्या वरचं सगळं खाली आलं. कपाट त्याला घेऊन माझ्या समोरच्या भिंतीवर गेलं. दोराने अण्णांचे तळहात सोलून काढले. कपाटाचं दार वाकून उघडलं आणि आतलं बाहेर आलं.

शिशाची अक्षरं. छापखान्यात जुळवतात ते खिळे. काकांनी छापखाना विकला, यंत्र विकलं, पण खिळे वितळवायला देववेनात म्हणून पिशव्यांत भरून बायकोच्या साड्यांच्या खालच्या खणात ठेवले होते. मुलाला कळलं असतं तर तेही भंगारात गेले असते. खणाची फळी निसटली होती, पिशव्या फाटल्या होत्या. खिळे पायऱ्यांवरून खाली जात राहिले, खूप वेळ, दुसऱ्या मजल्यापर्यंत, पहिल्या मजल्यापर्यंत, आणि त्या आवाजाखाली सोमाभाऊचा आवाज होता की नव्हता हे मला आजही सांगता येत नाही. वरून साड्या आल्या, हळू. एक मोरपंखी त्याच्या तोंडावर पडली. ती मी काढली.

लोकांना मी वर्षानुवर्षं सांगत आले, की त्या दिवशी माझ्या चपलेच्या तळव्यात एक खिळा रुतला आणि घरी येऊन बघते तर तो 'स' होता. सोमाचा स. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. तो 'स' नव्हता. त्यावर काहीच नव्हतं. दोन शब्दांमधे जागा सोडायला कोरे तुकडे असतात, त्यातला एक. अजून आहे माझ्याकडे, बटणांच्या डब्यात.

सोमाभाऊ जगला. कंबरेत तो मोडला होता, खालचं काही हलत नव्हतं. सरकारी दवाखान्यात वॉर्डच्या टोकाच्या खाटेवर त्याला ठेवलं. दुसऱ्या दिवशी एक हवालदार कागद घेऊन आला. कसं झालं, विचारलं. अण्णांचे दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळलेले. ते म्हणाले, "पाय घसरला त्याचा."

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आत काय होतं ते सांगायचं, तर काकांनी लपवलेलं चारचौघांत उघडं करावं लागलं असतं. आमच्या नियमात कुलपातलं कुलपातच राहायचं, ते दार फुटून जिनाभर सांडलं तरी. एव्हाना खिळे गोळा करून पोत्यांत गेलेही होते. हवालदार माझ्याकडे वळला. "तू होतीस तिथे? पाय घसरताना पाहिलास?"

पंचवटीतली सगळ्यात जास्त बोलणारी मुलगी मी. मांजरीची वाघीण करणारी. मी म्हटलं, "हो." जन्मात एवढं थोडक्यात मी कधी बोलले नव्हते. त्याने लिहून घेतलं.

काका तिसऱ्या दिवशी आले. हातात केळी. खाटेच्या पायथ्याशी बराच वेळ उभे राहिले. सोमाभाऊ डोळे मिटून होता. काकांचे ओठ हलत होते, मला वाटलं काही मोठं बोलणार. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "साड्या पण होत्या आत." केळी खिडकीत ठेवली आणि गेले.

सोमाभाऊची बायको, पारूवहिनी, त्याला गावी घेऊन गेली. आमच्या टेम्पोतूनच, गोधड्यांवर. युसूफचाचा म्हणाले, एवढ्या हळू मी काचेचं कपाटसुद्धा नेलं नव्हतं. घरी आई पुढचे कितीतरी दिवस पहिली भाकरी टोपलीत बाजूला ठेवायची. नागलीची. संध्याकाळी ती गायीला घालायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थापायची. अण्णांनी नवा खालचा माणूस आणला, सिन्नरकडचा, दांडगा. धंदा चालू झाला. अण्णा आता कपाट उचलण्याआधी त्याला हलकेच खांदा लावून बघायचे, कुणाला दिसणार नाही असं. पण किल्ली त्यांनी शेवटपर्यंत मागितली नाही. ती मी मागितली, पुढे खूप वर्षांनी, ते थकल्यावर धंदा माझ्याकडे आला तेव्हा. पहिल्या बाईंनी मला दारातूनच परत पाठवलं. दुसरीने कुरकुरत उघडलं. आत साड्याच होत्या. मी प्रत्येक घडीखाली हात घालून बघितलं, आणि ती बाई गल्लीभर सांगत सुटली की अण्णाची पोरगी संशयी आहे. असू दे.

पाऊस संपल्यावर मी सोमाभाऊच्या गावी गेले. एकटी. एसटीने पेठ, तिथून जीपने जिथवर रस्ता तिथवर, मग चालत. आईने चिवडा आणि लसणाची चटणी बांधून दिली होती. वाटभर मी काय बोलायचं ते जुळवत होते, आणि जुळवलेलं सगळं इतकं सुंदर होत होतं की मला माझीच भीती वाटायला लागली. भात पिवळं पडायला आलेलं. सोमाभाऊ पडवीत भिंतीला टेकवून बसवलेला होता, कमरेखाली कांबळं, आणि अंबाडीचा दोर वळत होता. हात तसेच होते, जुने. पायाच्या बोटात दोराचं टोक धरायचं ते आता खुंटीला बांधलेलं.

"शकूबाई," तो म्हणाला, "हत्ती नाय आणला?"

मला हसता आलं नाही. पारूवहिनीने कोरा चहा दिला. मी अण्णांचं सांगितलं, हात बरे झाले म्हणून. तो मान हलवत राहिला, दोर वळत राहिला. मग म्हणाला, "पाय घसरला असं लिवलं म्हनं तिकडं."

"हो."

"माझा."

"मीच सांगितलं, सोमाभाऊ. मला विचारलं होतं. मी हो म्हटलं."

त्याने हातातला दोर सोडला नाही, पण पीळ थांबला. कांबळ्याखालच्या पायांकडे त्याने एकदा बघितलं, दुसऱ्याचे असल्यासारखं. पारूवहिनी कोंबड्यांना हाकलायला म्हणून उठून गेली. बऱ्याच वेळाने पीळ पुन्हा सुरू झाला.

वाटभर जुळवलेलं त्यातलं एक वाक्यसुद्धा माझ्या तोंडातून निघालं नाही. जे निघालं ते असं. मी म्हटलं, मला आवाज ऐकू आला होता. आत सुटं जड आहे हे मला माहीत होतं. मी हत्ती म्हटलं. मी नीट सांगितलं असतं, साध्या शब्दांत, अण्णांच्या आणि तुझ्या समोर उभं राहून, तर तू त्याच्या खाली गेला नसतास ना? तुम्ही कपाट उघडायला लावलं असतं ना?

त्याने दोराचा नवा पेड घेतला, थुंकी लावून बोटांत फिरवला, जुन्यात मिळवला.

"नाय," सोमाभाऊ म्हणाला. "कुलूप व्हतं."